मित्राच्या अठराव्या वाढदिवसाला बिअर आहे, मुलाला पाठवू का?

राजारामपुरीची आई
मुलगा बारावीला आहे, वय १७. शनिवारी वर्गमित्राचा अठरावा वाढदिवस, पन्हाळा रोडला त्यांच्या शेतातल्या घरी. दहा-बारा पोरं, तांबडा-पांढरा आणि बिअर. हे मुलानंच मला सांगितलं, लपवलं नाही. म्हणून मला एकदम 'नाही' म्हणवेना. तो म्हणतो, "आई, मी घेणारच नाही, मग मला कोण काय करणार?" मित्राचे वडील तिथंच असतील. त्यांचं म्हणणं, बाहेर चोरून पिण्यापेक्षा डोळ्यांसमोर घेतलेली बरी. पण पोलीस आलेच तर न पिणाऱ्या पोराचं काय होतं? पुढं नोकरीला, पासपोर्टला आडवं येईल का? दोन रात्री झोप नाही मला.

वकील, कसबा बावडा
ताई, महाराष्ट्रात बिअरला वय २१ लागतं आणि कडक दारूला २५. अठरा पूर्ण झाली म्हणून बिअर, हा हिशेबच चुकीचा आहे.

नुसता तिथं बसला म्हणून तुमच्या मुलावर गुन्हा होत नाही. पण कोण प्यायलं, कोण नाही, हे ठरेपर्यंत सगळ्यांचीच चौकशी होते, तपासणीला सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात न्यायची वेळ येऊ शकते. अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, पालकांना कळवावंच लागतं. त्याचं नाव किंवा फोटो छापायलाही बंदी आहे. असल्या किरकोळ प्रकरणाचा डाग पुढं नोकरीत लागू नये, याचीही सोय कायद्यात आहे.

मला खरी काळजी त्या वडलांची आणि वाढदिवसवाल्या पोराची वाटते. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७७ : अठराच्या आतल्या मुलाला डॉक्टरनं सांगितल्याशिवाय दारू दिली, तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. घरात दिली, डोळ्यांसमोर दिली, म्हणून सूट नाही. आणि तो पोरगा शनिवारी सज्ञान होतोय. त्यानं ग्लास भरून सतरा वर्षांच्या मित्राच्या हातात दिला, तर देणारा तोच. शुक्रवारपर्यंत तो बाल न्याय मंडळापुढं गेला असता, शनिवारी मोठ्यांच्या कोर्टात जाईल. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दारू प्यायलेल्या अल्पवयीन मुलाच्या गाडीनं अपघात झाला, तेव्हा त्या मुलाच्या वडलांना आणि दारू देणाऱ्या बारवाल्यांनाही अटक झाली होती. हे त्या घरी कुणीतरी सांगा.

कळंब्याचा काका
वहिनी, पोरगा जाणार कशावर? स्कूटीवर असेल तर आधी चावी काढून घ्या. माझा पुतण्या अशाच जेवणाहून येताना वाघबीळच्या उतारावर घसरला. तो प्यायला नव्हता, मागं बसलेला प्यायला होता. मागून येणारी पोरं पोलिसांच्या भीतीनं अर्धा तास १०८ ला फोनच करेनात. पाय वाचला, पण तो अर्धा तास मी विसरू शकत नाही. काही झालं तर आधी १०८, मग आई-बाप, हे मुलाकडून वदवून घ्या. ओरडणार नाही असा शब्दही त्याला द्या.

अल्पवयीन मुलानं गाडीवर गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. २०१९ पासून हा कायदा आहे.

राजारामपुरीची आई
वकीलसाहेब, काका, मनापासून आभार. कलम ७७ चं मुलाला वाचून दाखवलं. तो गप्पच झाला, मग म्हणाला, "म्हणजे तो मला ग्लास देणार आणि तुरुंगात तो जाणार?" त्यानंच मित्राच्या आईचा नंबर दिला. त्या माउलीला यातलं काहीच माहीत नव्हतं. बिअर रद्द झाली की नाही ते अजून कळलं नाही, त्या आज रात्री घरी बोलणार आहेत. माझं मात्र ठरलंय : बिअर असेल तर पाठवत नाही. नसेल तर सात वाजता मी सोडणार, साडेनऊला आणायला मीच जाणार. चावी कपाटात ठेवलीय.