राजदूत ३५०: खरी ताकद किती?

सांगलीकर: काकांची राजदूत ३५० मोटारसायकल आता माझ्याकडे आहे. काका छाती फुगवून ३९ हॉर्सपॉवर सांगायचे, मेस्त्री म्हणतो २७. खरं काय?

जुनाफटफटीवाला: काकांचा आकडा जपानी यामाहा आरडी ३५० चा. एस्कॉर्ट्स कंपनीने १९८३ पासून इथे बनवली तेव्हा मायलेजसाठी ताकद कापली. आधीची ‘हाय टॉर्क’ ३०.५ ची, नंतरची ‘लो टॉर्क’ २७ ची. तुमची कुठली ते आधी ठरवा. टाकीवरच्या स्टिकरवर जाऊ नका, ते कुणीही चिकटवतं. चाळीस वर्षांत सिलिंडर, सायलेन्सर बदललेलेही असतात.

सांगलीकर: पुण्यात डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, चढवू का?

जुनाफटफटीवाला: चढवा, पण कंपनीचा आकडा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावरचा; डायनो मोजतो मागच्या चाकावर. गिअरबॉक्स, चेन, टायर मिळून दहा-पंधरा टक्के खातात. २७ ची गाडी २३-२४ दाखवली तर इंजिन ठणठणीत समजा. रडत बसू नका! मशीनवर करेक्शन (हवामानानुसार आकड्याची दुरुस्ती) कुठलं लावलंय तेही विचारा.

टूस्ट्रोकदादा: थांबा. आधी दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, पॉइंटचं (ठिणगीचं) टायमिंग, रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारी झडप) बघा. ऑइल पंप तर नक्कीच. मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असताना फुल थ्रॉटल दिलात तर आकडा राहील बाजूला, पिस्टन जाम होईल. प्लग पांढराफटक दिसला, म्हणजे मिश्रण पातळ असण्याची खूण दिसली, तर डायनोचं नावही काढू नका.

सांगलीकर: डावा प्लग पांढराच आहे दादा. कार्बोरेटर उघडतो.