निपाणीतील चप्पल-दुकानावर बदनामीकारक अभिप्राय : कायद्याने काय करता येईल?

प्रश्न – निपाणीची कारागीर

नमस्कार. निपाणीत आमचे कोल्हापुरी चपलांचे छोटे दुकान असून आजेसासऱ्यांपासून घरातच चप्पल तयार होते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलेच कातडे आम्ही घेतो आणि शिलाई कातड्याच्या वादीने करतो. आठ महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाने नकाशाच्या एका ॲपवर आमच्या दुकानाला एक तारा देऊन असे लिहिले : 'भाव अवाच्या सवा लावतात आणि नीट बोलत नाहीत. कर्नाटकात बनलेली चप्पल कोल्हापुरी असूच शकत नाही, सगळा माल नकली आहे. तळात पुठ्ठा घालतात आणि लहान मुलांना कामाला लावतात.'

भावाबद्दल आणि बोलण्याबद्दल ते काहीही म्हणोत, ते त्यांचे मत आहे. पण तळात पुठ्ठा आम्ही कधी घातला नाही, आणि आमच्या घरातली मुले शाळेत जातात. या मजकुराचे छायाचित्र कागल आणि गडहिंग्लजकडच्या व्हॉट्सॲप समूहांत फिरले आणि लग्नसराईच्या तोंडावर दोन दुकानदारांनी ठरलेली मागणी रद्द केली. लिहिणारे गृहस्थ कोल्हापूर जिल्ह्यातले असावेत, असे पावतीवरील पत्त्यावरून वाटते. पोलिस ठाण्यात कन्नडमध्ये अर्ज लिहून दिला, तेव्हा हा न्यायालयाचा विषय असल्याचे सांगण्यात आले. गेल्या आठवड्यात एका अनोळखी माणसाचा फोन आला की पैसे दिल्यास तो अभिप्राय काढून देतो, नाही तर असे आणखी दहा पडतील. आम्ही काय करावे, आणि माणूस महाराष्ट्रातला असल्यामुळे आमचे हात बांधलेले आहेत का?

उत्तर १ – बेळगावातील एक वकील

ताई, आपल्या मजकुरातील सर्वांत महत्त्वाचा शब्द 'आठ महिने' हा आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. लेखी बदनामीच्या भरपाईचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. १९६३ च्या मुदत कायद्यातील अनुच्छेद ७५ तसे सांगतो. वकिलामार्फत नोटीस पाठवल्याने ही मुदत थांबत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते, आणि नोटिशीच्या उत्तराची वाट पाहता पाहता वर्ष उलटून गेलेली प्रकरणे मी स्वतः पाहिली आहेत. आपल्या हातात जेमतेम चार महिने आहेत.

पोलिसांनी आपल्याला दिलेले उत्तर कायद्याला धरून आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा सांगितली आहे. मात्र तो अदखलपात्र असल्यामुळे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिस त्याचा तपास करू शकत नसल्यामुळे, ज्याची बदनामी झाली त्यानेच दंडाधिकाऱ्यांकडे खाजगी फिर्याद करायची असते. त्यासाठी मुदत तीन वर्षांची आहे. आरोपी दंडाधिकाऱ्यांच्या हद्दीबाहेर राहत असेल तर समन्स काढण्यापूर्वी चौकशी करणे बंधनकारक असते, त्यामुळे कोल्हापूरच्या माणसाविरुद्धची फिर्याद जरा सावकाश सरकते, इतकाच सीमेचा परिणाम.

दिवाणी दाव्यात तर सीमा आडवी येतच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १९ असे सांगते की नुकसान एका न्यायालयाच्या हद्दीत झाले आणि प्रतिवादी दुसऱ्या हद्दीत राहत असेल, तर वादीने दोहोंपैकी कोणतेही न्यायालय निवडावे. कायद्यानेच दिलेले उदाहरण बदनामीचे आहे : दिल्लीत राहणारा माणूस कलकत्त्यात बदनामीकारक मजकूर प्रसिद्ध करतो, तर दावा दोन्हीकडे चालतो. मजकूर निपाणीत वाचला गेला आणि आपले नुकसान निपाणीत झाले, म्हणून दावा आपल्याकडेच लावता येईल. मराठी मजकुराचे भाषांतर मात्र न्यायालयात द्यावे लागेल, आणि ते शब्दाला शब्द तोलून करून घ्यावे, कारण 'नकली' या शब्दाच्या छटेवर प्रकरण फिरू शकते.

मत आणि आरोप आपण स्वतःच वेगळे केलेत, याचे मला समाधान वाटते. भाव आणि वागणूक यांच्यावर दावा करू नका. पुठ्ठा, नकली माल आणि बालमजुरी ही तीन विधाने वस्तुस्थितीविषयी आहेत आणि ती खरी की खोटी हे तपासता येते. त्यांतही बालमजुरी म्हणजे थेट गुन्ह्याचा आरोप आहे. दिवाणी दाव्यात विधान खरे ठरले तर प्रतिवादी सुटतो. फौजदारी प्रकरणात ते खरे असून शिवाय लोकहितासाठी केलेले असावे लागते. 'नकली'चे उत्तर तर तयारच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन (ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव वापरू देणारी नोंदणी, जीआय) मिळाले, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या जोडीने बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी झालेली असेल तर ते प्रमाणपत्र दाव्याला जोडा.

पुरावा आजच धरून ठेवा. अभिप्रायाचा पूर्ण दुवा, तारीख-वेळ दिसेल असे छायाचित्र, रद्द झालेल्या मागणीचे संदेश, आणि फोनमधल्या पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागेल. त्याचा एक भाग फोन वापरणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. समूहात तो मजकूर पुढे पाठवणाराही प्रसिद्धी करणाराच ठरू शकतो.

त्या फोनचे प्रकरण मात्र वेगळे आहे. 'नाही तर आणखी दहा पडतील' ही धमकी असून पैशासाठी दिलेली आहे. न्याय संहितेतील खंडणीचे कलम ३०८ दखलपात्र आहे, म्हणजे पोलिस स्वतः गुन्हा नोंदवून तपास करू शकतात. तो क्रमांक आणि फोन आल्याची वेळ लिहून ठेवा, एक पैसाही देऊ नका आणि या एकाच मुद्द्यावर पोलिसांकडे स्वतंत्र अर्ज द्या.

उत्तर २ – शहापूरचा मिठाईवाला

दोन वर्षांपूर्वी आमच्या कुंद्यात भेसळ आहे असे कोणीतरी लिहिले होते. रागाच्या भरात मी लांबलचक उत्तर लिहिले आणि त्यामुळे तो अभिप्राय आणखी लोकांनी वाचला. पुढे ते काढून मी चारच ओळी लिहिल्या : आमच्याकडे या खरेदीची नोंद सापडत नाही, पावती दाखवावी, खव्याच्या तपासणीचा अहवाल दुकानात पाहायला ठेवला आहे. महिन्याभरात त्या गृहस्थाने स्वतःच मजकूर मागे घेतला. नेहमीच्या गिऱ्हाइकांना पाच तारे द्यायला सांगण्याचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला होता. तो मी मानला नाही आणि तुम्हीही मानू नका, कारण खोट्याला सांगून घेतलेल्या कौतुकाने उत्तर देणे मला पटत नाही.

उत्तर ३ – खानापूरची ग्राहक

मी गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहिते. दावा हा शब्द ऐकला की सामान्य माणूस खरी तक्रारही लिहीत नाही, आणि ते मला योग्य वाटत नाही. त्या गृहस्थांना खरोखरच एखादा खराब जोड मिळाला असेल, ही शक्यता आधी तपासावी. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. माहिती तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या नियमांनुसार असा अधिकारी नेमणे कंपनीला भाग आहे, आणि त्याच्या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येते.

उत्तर ४ – बेळगावातील एक वकील

खानापूरच्या ताईंचे म्हणणे बरोबर आहे आणि तक्रार जरूर करावी. मात्र एवढ्यावर विसंबू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या श्रेया सिंघल निकालानंतर, मजकूर काढण्याची सक्ती न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावरच होते; खरेखोटे ठरवण्याचे काम कंपनीवर टाकलेले नाही. दाव्याबरोबर तात्पुरता मनाई हुकूम मागता येतो, पण ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, सुनावणीपूर्वी असा हुकूम अपवादानेच द्यावा, असे बजावले आहे. म्हणून तीनही विधानांवर पुरावा पहिल्याच दिवशी न्यायालयासमोर असावा. भरपाईची रक्कम मोजून मागा, कारण न्यायालयीन शुल्क त्या रकमेवर ठरते.

निपाणीची कारागीर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सासऱ्यांनी तीन जोड उसवून तळाच्या पट्ट्या पुरवठादाराच्या बिलांसह वेगळ्या ठेवल्या आहेत. पावतीपुस्तकात त्या गृहस्थांची खरेदी सापडली. एकच जोड नेला होता. दाव्याआधी त्यांना एक पत्र पाठवून तो जोड आमच्या खर्चाने परत मागवणार आहोत : तळात पुठ्ठा निघाला तर पैसे परत आणि जाहीर माफी आमची, न निघाला तर ती तीन वाक्ये त्यांनी काढावीत, भावाबद्दलचे वाक्य राहिले तरी चालेल. उत्तरासाठी पंधरा दिवस दिले आहेत. मुदतीची तारीख दुकानातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली असून फोनवरील धमकीचा अर्ज उद्या सकाळी देणार आहोत.