दीड महिन्याच्या बाळाला मांडीत सुई देताना

प्रश्न (नवी सेविका): उपकेंद्रात नुकतीच रुजू झाले आहे. अंगणवाडीतल्या सत्रात पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) आणि पीसीव्ही (न्यूमोकोकल न्यूमोनियावरची लस) द्यायची वेळ आली की बाळ पाय झाडतं, आई तोंड फिरवते, आजी म्हणते "कुल्ल्यात द्या, मांडी केवढीशी ती!" सुई आत गेल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येतंय का बघावं, असंही एकीने सांगितलं. बरोबर काय?

निवृत्त आरोग्य सहायिका: कुल्ल्यात अजिबात नको. तिथून पायाची मोठी नस (मज्जातंतू) जाते, शिवाय चरबीत गेलेल्या लसीचा गुण कमी येतो. मांडीचे तीन भाग धरले तर मधला, पुढून जरा बाहेरच्या अंगाला. पेंटा डावीत, पीसीव्ही उजवीत. आजींना हात धरून ती जागा दाखवा, त्या ऐकतात.

दट्ट्या मागे ओढू नका. त्या जागी मोठी रक्तवाहिनी नाही, आणि सुई आत रेंगाळली की बाळाला जास्त दुखतं. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये हेच सांगितलंय. त्यात आपल्या एडी सिरिंजचा (एकदा वापरली की आपोआप बंद पडणारी सिरिंज) दट्ट्या एकदाच मागे-पुढे होतो. उगाच ओढलात तर डोस वाया जाऊ शकतो.

पाय झाडण्याचं खरं कारण बहुतेक वेळा बाळाला चुकीचं धरणं हे असतं. बाळाला टेबलावर उताणं निजवू नका, आईच्या मांडीवर कुशीत घ्यायला लावा. बाळाचा एक हात आईच्या काखेखालून मागे, दुसरा आईच्या हातात, पाय तिच्या दोन मांड्यांमध्ये अलगद. घट्ट आवळलं की स्नायू ताठ होतो आणि जास्त दुखतं. तोंडातल्या लसी आधी पाजा. मग आईला अंगावर पाजू द्या, पाजतानाच सुई द्या. स्पिरिट लावलं असेल तर पूर्ण वाळू द्या, ओल्या कातडीवर झोंबतं. पंचवीस मिलिमीटरची सुई सरळ, काटकोनात, एका दमात आत. लस गेली की लगेच बाहेर.

आणि "काही दुखणार नाही" असं आईला सांगू नका. दुखतंच. पुढच्या वेळी तिने तुमच्यावर विश्वास ठेवायला हवा.

एक आई: माझ्या मुलीला दुसऱ्या डोसला पाजतापाजताच सुई दिली. रडली, पण पुन्हा लगेच प्यायला लागली. पहिल्या वेळी टेबलावर निजवलं होतं, तेव्हा घरी येईपर्यंत हुंदके थांबेनात.

नवी सेविका: खूप आभार! नंतर जागा चोळायची का? आणि ताप येऊ नये म्हणून औषध आधीच द्यायचं?

निवृत्त आरोग्य सहायिका: चोळायचं नाही, कोरडा कापूस नुसता धरायचा. हळद, तेल, शेक काही नको, गार पाण्याची घडी चालेल. गाठ आली तर ती हळूहळू जिरते. पॅरासिटामॉल आधी नको. ताप आलाच तर वजनाप्रमाणे. सुईला टोपण परत लावू नका, लगेच हब कटरमध्ये (सुई कापून टाकायचं यंत्र). आणि अर्धा तास कुणालाही घरी सोडू नका, कितीही घाई असली तरी.