एकच माती, चार विभाग: पीएच.डी. नेमकी कुठं करायची?

मलप्रभाकाठ:
नमस्कार. एम.एस्सी. रसायनशास्त्र, ५८ टक्के. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या मडकी-कौलांच्या मातीवर पीएच.डी. करायचा विचार आहे. विद्यापीठांच्या संकेतस्थळावर विभागांची नावं सापडतात, पण आत कोण कशावर काम करतंय ते कळत नाही. रसायन, भूशास्त्र, इतिहास-पुरातत्त्व, समाजशास्त्र, चारीकडं विषय बसतोय असं वाटतं. विभाग कसा ठरवायचा? आणि मातीचे नमुने आत्ताच आणून ठेवले तर चालतील काय?

शोधखिडकी:
विषयाच्या नावावरून विभाग शोधू नका, प्रश्नावरून शोधा. ‘खानापूरची माती’ हा प्रश्न नव्हे, ते नुसतं गाठोडं झालं. ही माती कुठल्या खडकाच्या झिजेतून आली असं विचारलंत की भूशास्त्र. भाजताना तिच्यात काय बदलतं हे विचारलंत की रसायन. बेळगावच्या वडगाव-माधवपूरला सातवाहनकालीन वस्तीचं उत्खनन झालंय. तिथली खापरं आणि आजची माती यांचं नातं विचारलंत की पुरातत्त्व. कुंभारांची पुढची पिढी चाकावर का बसत नाही हे विचारलंत की समाजशास्त्र. चारही प्रबंध वेगळे, त्यांचे परीक्षकही वेगळे. आधी प्रश्न एका वाक्यात लिहून काढा.

विभागात खरं काय चालतं ते शोधगंगेवर, म्हणजे भारतातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, कळतं. विद्यापीठ, मग विभाग, मग मार्गदर्शक असं उतरत जा आणि मागच्या दहा वर्षांतले प्रबंध उघडा. पहिल्यांदा ऋणनिर्देश वाचा. नमुने कुठल्या प्रयोगशाळेत तपासून घेतले ते तिथं बहुधा लिहिलेलं असतं, म्हणजे विभागाकडं स्वतःचं यंत्र आहे की बाहेर धावावं लागतं ते समजतं. नुकती नोंदणी झालेले आराखडे शोधगंगोत्रीवर मिळतात.

शोधताना ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’ दोन्ही टाका. नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, जुने प्रबंध जुन्या नावानंच आहेत. ‘खानापूर’ म्हणून शोधलंत तर सांगली जिल्ह्यातलं विट्याकडचं खानापूरही येतं. तेवढं गाळून घ्या.

थापी-गाळणी:
रसायनाकडून गेलात तर नमुन्याबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिथंच बिघडतं.

आत्ता आणलेत तर चालतील, पण पोत्यात भरून ठेवू नका. खाणीतली कच्ची माती वेगळी आणि कुंभारानं मिसळून तिंबलेली माती वेगळी, दोन्ही घ्या. मिश्रणात वाळू किती घमेली, राख किती, ते तिथंच विचारून लिहा. घरी येऊन आठवलेलं प्रमाण कामाचं नसतं. एका खाणीतून पाच-सहा जागची माती एकत्र करून ढीग चौफाळा, समोरासमोरचे दोन भाग टाका, असं करत एक किलोवर या. सावलीत वाळवा. पिशवीत चिठ्ठी पेन्सिलीनं लिहिलेली असू द्या. शाई ओलीनं पसरते. दळायला लोखंडी खल वापरलात तर लोह वाढून दिसतं आणि लाल रंगाचं सगळं गणित चुकतं. अकीकाचा खल मागून घ्या.

एक्सआरडीसाठी (क्ष-किरणांनी खनिजं ओळखायची चाचणी) नुसती पूड पुरत नाही. चिकणखनिजं ओळखायला दोन मायक्रॉनच्या खालचा भाग वेगळा काढावा लागतो: पाण्यात ढवळून ठेवायचं आणि वरचं दहा सेंटिमीटर पाणी काढून घ्यायचं. काढण्याआधी २० अंशाला सुमारे आठ तास थांबावं लागतं, ३० अंशाला साडेसहाच्या आसपास. उन्हाळ्यात आठ तासांनी काढलंत तर दोन मायक्रॉनच्या जरा खालचे कणही निसटून खाली गेलेले असतात. माती दह्यासारखी फुटून भराभर खाली बसली तर पाण्यात क्षार आहेत असं समजा. ऊर्ध्वपातित पाण्यानं दोन-तीनदा धुवा, मग कण सुटे राहावेत म्हणून थोडं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घाला.

काचपट्टी तीनदा तपासायची: हवेत वाळलेली, ग्लायकॉल दिलेली, आणि ५५० अंशाला तापवलेली. ग्लायकॉलनं आलेखातलं शिखर १७ अँगस्ट्रॉमकडं (खनिजाच्या थरांमधलं अंतर मोजायचं एकक) सरकलं तर स्मेक्टाइट, म्हणजे वाळताना तडकणारी माती. तापवल्यावर ७ अँगस्ट्रॉमचं शिखर नाहीसं झालं तर केओलिनाइट.

आणखी एक. मातीत चुनखडे असतील तर भाजलेलं मडकं आव्यातून, म्हणजे कुंभाराच्या भट्टीतून, चांगलं निघतं आणि काही दिवसांनी त्याचे टवके उडतात. भाजताना चुनखड्याचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल पिऊन फुगतो. कुंभाराला हे ठाऊक असतं, म्हणून तो माती गाळतो. तुमच्या प्रश्नाचं बीज इथं असू शकतं: किती बारीक गाळलं आणि किती अंशाला भाजलं तर फुगणं थांबतं?

यंत्रांसाठी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सामायिक उपकरण केंद्रं आहेत. बाकी कुठं कुठलं यंत्र आहे ते आय-स्टेम या संशोधन-उपकरणांच्या राष्ट्रीय पोर्टलवर बघा.

शब्दकणगी:
मराठी विभागाला कुणी विचारलंच नाही की ओ! आपल्याकडं मराठी कुंभार ‘आवा’ म्हणतो, कन्नड कुंभार ‘आवगे’. एकाच मुळाचे शब्द. पण ‘चाक’ आणि ‘तिगरी’ अगदी वेगळे. कुठल्या गावात कुठला शब्द आणि दुभाषी घरात कुठला टिकतो, हा धडधाकट प्रबंध आहे. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठात मराठी विभाग आहे. रसायनाच्या पदवीवर तिथं प्रवेश नाही मिळणार, पण कामात अशी शब्दसूची परिशिष्ट म्हणून घाला.

नियमवही:
यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणं पदव्युत्तरला ५५ टक्के लागतात, ते तुमच्याकडं आहेत. पण रसायनवाल्याला भूशास्त्रात घेतात की नाही, ते त्या विद्यापीठाच्या अधिसूचनेतल्या संलग्न विषयांच्या यादीवर ठरतं. अर्ज भरण्याआधी ती बघा, नाहीतर शुल्क वाया जातं.

मग मार्गदर्शकाची जागा. प्राध्यापकाकडं आठ, सहयोगी प्राध्यापकाकडं सहा, सहायक प्राध्यापकाकडं चार विद्यार्थी, त्याहून जास्त नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. दोन विभागांत अडकलेला विषय असेल तर मुख्य मार्गदर्शक एका विभागातला, सहमार्गदर्शक दुसऱ्या, अशी सोय नियमात आहे. मुदत किमान तीन वर्षं, कमाल सहा.

परवानगीचं विसरू नका. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातली माती वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलायची नाही. संरक्षित स्थळावरचं खापरही नाही, पायाशी पडलेलं असलं तरी.

मलप्रभाकाठ:
चुनखड्याचा प्रश्न धरतो, म्हणजे रसायनच. सहमार्गदर्शक भूशास्त्राचा बघतो. चाळणी किती जाळीची लावून सुरुवात करू?

थापी-गाळणी:
दोन मिलिमीटर, एक आणि अर्धा, अशा तीन. न गाळलेली माती चौथी. प्रत्येकीच्या दहा-दहा वड्या पाडा, भाजल्यावर उघड्यावर ठेवा आणि महिनाभर रोज ठरलेल्या वेळी त्या किती फुगल्या ते मोजा.