मदत हवी आहे: सोनोग्राफीत 'गॅसमुळे दिसले नाही', यामागचं भौतिकशास्त्र

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातली. एसएसएलसीपर्यंत मराठी शाळा, पीयूसी सायन्स बेळगावात, आता मेडिकल इमेजिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सध्या पोस्टिंग सोनोग्राफी विभागात. मशीनवरची बटणं कळतात, कुठला अवयव कुठे दिसतो तेही कळायला लागलंय, पण त्याखालचं फिजिक्स डोक्यात पक्कं बसत नाहीये आणि त्याची अडचण रोज होते.

परवा नंदगडकडचे एक आजोबा रिपोर्ट हातात घेऊन आले. स्वादुपिंडापुढे लिहिलं होतं की आतड्यातल्या गॅसमुळे ते दिसलं नाही. "पैसे घेटल्यात, मग बघूक कसं न्हाई?" सरांनी त्यांना उपाशीपोटी परत बोलावलं होतं, तेवढं मी सांगितलं. का बोलावलंय, ते त्यांना पटेल असं सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते.

मला अडतंय ते असं. आपण बोलतो तो आवाज हवेतूनच जातो ना? मग सोनोग्राफीचा, लिव्हरच्या आरपार जाणारा आवाज बोटभर गॅसपुढे का थांबतो? पित्ताशयातल्या खड्यामागे काळी पट्टी पडते, पण किडनीतल्या पाण्याच्या गाठीमागे उलट उजळ पट्टा दिसतो, तो कसा? आणि दहा मेगाहर्ट्झचा प्रोब (आवाज सोडणारा आणि ऐकणारा, कातडीवर टेकवायचा भाग) इतकं बारीक दाखवतो, तर पोटाला साडेतीनचाच का लावतात? सूत्रं पाठ आहेत. ती कशासाठी आहेत ते कुणीतरी मराठीत नीट सांगा, प्लीज.

निपाणीकर मास्तर

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. मी हायस्कुलात विज्ञान शिकवायचो, आता निवृत्त आहे. पहिल्या प्रश्नाचं मी सांगतो, मशीनचं जाणकारांनी सांगावं.

आवाज हवेतून जातो हे खरं. पण इथे प्रश्न हवेतून जाण्याचा नाही, मांसातून हवेत शिरण्याचा आहे. प्रत्येक पदार्थाला ध्वनीच्या बाबतीत एक अडथळा असतो, त्याला आपण ध्वनिक प्रतिरोध म्हणू. तो काढायचा घनता गुणिले ध्वनीचा वेग. मऊ पेशींत वेग सेकंदाला साधारण १५४० मीटर आणि घनता पाण्याहून किंचित जास्त, त्यामुळे प्रतिरोध येतो १६ लाखांच्या आसपास. हवेची घनता घनमीटरला सव्वा किलोसुद्धा नाही आणि वेग ३४० मीटर, म्हणून तिचा प्रतिरोध जेमतेम ४००. म्हणजे चार हजार पटींचा फरक.

आता तुम्ही पाठ केलेलं सूत्र घ्या. दोन प्रतिरोधांची वजाबाकी भागिले बेरीज, त्याचा वर्ग. हे आकडे घालून बघा, उत्तर ०.९९९ येतं. शंभरातला ९९.९ भाग त्या सीमेवरूनच मागे फिरतो. चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवर तेच उत्तर एक टक्क्याच्या आसपास येतं. लिव्हर आणि किडनीच्या सीमेवर तर त्याहूनही खूप कमी. या थोड्याशा परतीतूनच चित्र बनतं आणि उरलेला आवाज पुढच्या अवयवाकडे जातो. गॅसपाशी मात्र पुढे जायला काही उरतच नाही. जो चुकून आत शिरला, तोही इतक्या उंच वारंवारतेला हवेत पटकन विरतो.

स्वादुपिंड असतं जठराच्या आणि मोठ्या आतड्याच्या मागे, म्हणजे नेमकं वाऱ्याच्या आड. जेल लावतात तेही याच कारणानं. कातडी आणि प्रोब यांच्यात कागदाएवढी हवा राहिली तरी सगळं तिथंच परत फिरेल. पाण्यानंही काम होतं (बोटाची सोनोग्राफी करताना हात पाण्यात बुडवूनही करतात), पण पोटावर पाणी ठरत नाही, वाहून जातं.

आजोबांना एवढंच सांगा, "सगळं बघितलंय आजोबा. पोटातल्या वाऱ्यापलीकडं मशीनचा आवाज जात न्हाई, म्हणून तेवढा एक भाग राहिलाय. त्यात दोष हाय असं न्हाई, आणि न्हाई असंबी अजून सांगता येत न्हाई. उपाशीपोटी या, वारा कमी असतोय." शेवटचं सांगायला विसरू नका. दिसलं नाही म्हणजे सगळं चांगलं आहे असा अर्थ काढून बरीच माणसं परत येतच नाहीत, आणि ते वाईट आहे.

उद्यमबाग

मास्तरांच्या उत्तरात थोडी भर घालतो. मी फाउंड्रीवाला, डॉक्टर नव्हे. आमच्याकडे कास्टिंग तपासायला अल्ट्रासॉनिक फ्लॉ डिटेक्टर असतो, तत्त्व तेच. फरक एवढाच की तुम्हाला गॅस नको असतो आणि आम्ही शोधतोच गॅस. लोखंडात ब्लोहोल राहिला की हवेच्या त्या पोकळीवरून जोरदार प्रतिध्वनी येतो आणि पडद्यावर काटा उभा राहतो. त्या पोकळीच्या थेट मागे काय आहे ते आम्हालाही त्या बाजूनं कळत नाही. जॉब फिरवून दुसऱ्या बाजूनं प्रोब लावायचा. तुमचे डॉक्टर पेशंटला कुशीवर वळवतात ते यासाठीच असणार. जेलच्या जागी आम्ही तेल किंवा ग्रीस लावतो.

प्रोबच्या प्रश्नाचं उत्तरही आमच्या शॉपमध्ये आहे. ग्रे आयर्नमध्ये ग्राफाइटच्या पाकळ्यांवर आवाज विखुरतो, तिथे जास्त मेगाहर्ट्झचा प्रोब लावला की पडद्यावर नुसतं गवत, म्हणजे निरर्थक बारीक काट्यांची गर्दी. खालच्या वारंवारतेवर यावंच लागतं.

टिळकवाडी बायोमेडिकल

ताई, मी मशीन दुरुस्तीत आहे. उद्यमबागवाल्यांचं बरोबर आहे, शरीरासाठी त्याचा हिशोब असा. मऊ पेशींत दर सेंटीमीटरला, दर मेगाहर्ट्झला साधारण अर्धा डेसिबल आवाज खर्च होतो. दहा सेंटीमीटर खोल अवयव बघायचा म्हणजे जाऊन-येऊन वीस सेंटीमीटर. साडेतीनच्या प्रोबला ३५ डेसिबल जातात, म्हणजे तीन हजारातला एक भाग परत येतो. दहाच्या प्रोबला जातात १०० डेसिबल, म्हणजे एक हजार कोटीतला एक भाग. तो मशीनच्या स्वतःच्या खरखरीत हरवतो. उलट थायरॉईड कातडीखाली दोन सेंटीमीटरवर, तिथे दहाचा खुशाल लावा.

बारीक दिसण्याचं कारण तरंगलांबी. वेग भागिले वारंवारता केलं की साडेतीनला ०.४४ मिलिमीटर, दहाला ०.१५. पण बीमच्या (आवाजाच्या झोताच्या) दिशेनं दोन बिंदू वेगळे दिसायला तरंगलांबीपेक्षा पल्सची, म्हणजे एका वेळी सोडलेल्या आवाजाच्या तुकड्याची, लांबी जास्त महत्त्वाची. पल्सच्या निम्म्या लांबीपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू एकच दिसतात. म्हणून पल्स दोन-तीन तरंगांतच संपली पाहिजे. प्रोबमधलं स्फटिक विजेचा झटका बसला की थरथरतं आणि परतीचा आवाज आदळला की स्वतः वीज देतं. हा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवला, आज प्रोबमध्ये बहुधा पीझेडटी नावाचं सिरॅमिक असतं. झटका दिल्यावर ते बराच वेळ थरथरत राहू नये म्हणून त्याच्या पाठीला आवाज शोषणारा जाड थर चिकटवलेला असतो. देवळातली घंटा वाजवून लगेच तिला तळहात लावावा, तसं. प्रोब हातातून पडला की अनेकदा हेच थर आतून सुटतात आणि चित्रात उभ्या काळ्या रेघा यायला लागतात. प्रोब जपा, फार महाग असतो.

खोली मशीनला दिसत नाही, ते वेळ मोजतं. दर सेंटीमीटरला जाऊन-येऊन १३ मायक्रोसेकंद. पंधरा सेंटीमीटरसाठी १९५. पल्स पाठवायला एक मायक्रोसेकंदही लागत नाही, उरलेला सगळा वेळ प्रोब फक्त ऐकत असतो. आणि वेग सगळीकडे १५४० च आहे असं मशीन धरून चालतं. चरबीत तो १४५० च्या आसपास असतो, त्यामुळे तीन सेंटीमीटर चरबीच्या मागचा अवयव पडद्यावर जवळपास दोन मिलिमीटर खाली सरकून दिसतो.

मलप्रभाकाठ

मास्तर, दादा, मनापासून आभार. प्रोबचं तर आता पक्कं झालं. फक्त ते काळ्या-उजळ पट्ट्याचं राहिलं. आणि एक अजून: खड्यामागची सावली स्वच्छ काळी असते, पण गॅसमागची सावली मळकट, धुरकट दिसते. दोन्हीकडे आवाज अडतोच ना? मग रंग वेगळा का?

टिळकवाडी बायोमेडिकल

निरीक्षण चांगलं आहे. आधी पट्ट्याचं. खोलवरून येणारा प्रतिध्वनी क्षीण असतो, म्हणून मशीन जितकं खोल तितकं जास्त वाढवून दाखवतं. तुमच्या पॅनलवर उजवीकडे सरकत्या बटणांची रांग असते ना, टीजीसी, ती हेच करते. हे वाढवणं सगळीकडे मऊ पेशीच आहेत अशा हिशोबानं ठरतं. मध्ये पाण्याची गाठ आली की तिथे आवाज जवळजवळ खर्चच होत नाही, पण वाढवणं चालूच राहतं. म्हणून गाठीमागचा भाग शेजारच्यापेक्षा उजळ दिसतो. पाणी उजेड वाढवत नाही, नेहमीची घट तिथे होत नाही. खड्याचं उलट. तो आवाज परतवतो आणि शोषूनही घेतो, मागे काही पोचत नाही, कितीही वाढवलं तरी काळंच.

गॅसमागच्या धुराचं कारण वेगळं. गॅसवरून इतका जोरदार आवाज परत येतो की तो प्रोबच्या तोंडावर आदळून पुन्हा खाली जातो, पुन्हा वर येतो. बुडबुड्यांच्या आपसातही अशी टोलवाटोलवी चालते. हे प्रतिध्वनी उशिरा पोचतात, आणि उशीर म्हणजे खोली एवढंच मशीनला माहीत. म्हणून ते गॅसच्या मागे मांडले जातात आणि सावली मळते. तिथे पेशींसारखं काहीतरी दिसलं तरी ते तिथे नसतं.

उद्या पोस्टिंगला सरांना विचारून एक करून बघा. भरलेल्या मूत्राशयाच्या पेशंटला टीजीसीची सगळी बटणं मध्यावर आणा आणि मूत्राशयामागचा भाग पाहा. मग तेवढ्याच खोलीचं बटण हळूहळू डावीकडे ओढा. मागची भिंत आधी भगभगीत होती आणि आता तिची रेघ वेगळी निघाली, हे डोळ्यांना दिसेल.

निपाणीकर मास्तर

मूत्राशय भरायला लावतात त्याचंही कारण सांगून टाका पेशंटना. बायका बिचाऱ्या बाटलीभर पाणी पिऊन तासभर बाकावर अवघडून बसतात आणि कुणी काही सांगत नाही. भरलेलं मूत्राशय गॅसची आतडी बाजूला सारतं आणि आवाजाला आत जायला पाण्याची वाट देतं, म्हणून गर्भाशय नीट दिसतं.

मलप्रभाकाठ

हो मास्तर, हे मी उद्यापासूनच सांगते. शेवटचं एकच: काल किडनीत तीन-चार मिलिमीटरचा पांढरा ठिपका होता, सावली अजिबात नव्हती. सर म्हणाले खडा असू शकतो. सावली नसेल तर खडा कसा म्हणायचा?

टिळकवाडी बायोमेडिकल

बीमची रुंदी बघा. खडा बीमपेक्षा अरुंद असेल तर दोन्ही कडेनं आवाज पुढे जातो आणि सावली भरून निघते. फोकस त्या ठिपक्याच्या खोलीवर आणायचा, तिथे बीम सगळ्यात अरुंद असतो. पेशंट बारीक असेल तर जास्त मेगाहर्ट्झचा प्रोब लावून बघायचा. मशीनमध्ये चित्र गुळगुळीत करणारं कंपाउंड इमेजिंग चालू असेल तर तेही बंद करा, ते वेगवेगळ्या कोनांतून बघून सावली पुसून टाकतं. एवढं करून सावली आली तर ठीक. नाही आली तर कलर डॉप्लर (रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारी सोय) लावा, खडबडीत खड्यामागे बऱ्याचदा लाल-निळे रंग लुकलुकतात. तरीही शंका राहिली तर पुढचं सर ठरवतील.