जीनोममधला बहुतेक मजकूर नैसर्गिक निवडीने घडवलेला नाही

वाटसरू: "जीनोममध्ये आहे म्हणजे त्याचा काहीतरी उपयोग असणारच" हे मला अजिबात पटत नाही. माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे डीएनएच्या एका पूर्ण संचात, सुमारे ३ अब्ज अक्षरं आहेत. प्रथिनांची कृती त्यातल्या दीडेक टक्क्यात मावते. उलट 'अलू' हा जेमतेम ३०० अक्षरांचा तुकडा नकला होत होत दहा लाखांवर गेलाय, म्हणजे जवळपास दहा टक्के जागा त्याचीच! जपानी जनुकशास्त्रज्ञ मोतू किमुरांनी १९६८ मध्येच मांडलं होतं की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल नैसर्गिक निवडीमुळे (म्हणजे उपयोगी म्हणून) नाही, योगायोगाने टिकतात.

मृण्मयी: इतकी घाई नको. दुधातली साखर पचवणाऱ्या लॅक्टेज या विकराचं बघा. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता युरोपीय वंशाच्या लोकांत मुख्यतः एका अक्षराच्या बदलामुळे आली. तो बदल लॅक्टेजच्या जनुकात नाहीच. तो आहे सुमारे १४ हजार अक्षरं अलीकडे, शेजारच्या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये, जिथून प्रथिन बनतच नाही. आणि निवडीने तो इतक्या झपाट्याने पसरवला की आजूबाजूचा लांबलचक पट्टाही त्याच्याबरोबर जसाच्या तसा ओढला गेला. या खुणेला योगायोग कसं म्हणणार? गर्भाची वार (प्लासेंटा) तयार व्हायला लागणारं सिन्सिटिन तर मुळात विषाणूचं जनुक. २०१२ मध्ये जीनोमचे कार्यरत भाग शोधणाऱ्या 'एन्कोड' प्रकल्पाने ८० टक्के जीनोम कार्यरत असल्याचं म्हटलं होतं, तेही विसरू नका.

वाटसरू: त्या ८० टक्क्यांत कुठलीही जैवरासायनिक हालचाल धरली होती. हालचाल दिसली म्हणजे उपयोग सिद्ध झाला का? कांद्याचा जीनोम आपल्या पाचपट मोठा आहे. कांद्याला आपल्या पाचपट सूचना कशाला लागतील?

अनुबंध: मधेच बोलतो. क जीवनसत्त्व बनवणाऱ्या साखळीतलं शेवटचं जनुक आपल्यात मोडलेलं आहे, आणि माकडांच्या बहुतेक शाखांतही. गिनीपिगमध्ये ते वेगळ्या वेळी, वेगळ्या जागी मोडलं. आहारातून जीवनसत्त्व मिळत राहिलं, तशी निवडीची राखण उठली आणि चुका साचत गेल्या. शिवाय प्रजातीची संख्या लहान असली की किंचित अपायकारक बदलही निवडीच्या हातून निसटतात. प्रचंड संख्येने जगणाऱ्या ई. कोलाय या आतड्यातल्या जीवाणूचा जीनोम ४६ लाख अक्षरांचा, आणि बहुतेक सगळा प्रथिनांच्या कामाचा.

मृण्मयी: संख्येचा मुद्दा मान्य. आधी योगायोग गृहीत धरा आणि त्यात न बसणारं निवडीच्या खात्यात टाका, हेही ठीक. पण अलूच्या काही नकला पुढे जनुकांचा भाग झाल्या आहेत. त्या तुम्ही कुठल्या खात्यात टाकणार?

वाटसरू: दोन्ही. आल्या योगायोगाने, त्यातल्या मोजक्या निवडीने राखल्या. बाकीच्या लाखो नकलांत अक्षरं वाटेल तशी बदलत चालली आहेत, माझा मुद्दा त्यांच्याबद्दल आहे.