टेलिकॉममध्ये आर.एफ. सोडून बिझनेस डेव्हलपमेंटला जावं का?

सांगलीकर_९७ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ई अँड टीसी सांगलीत केलं. गेली चार वर्षं नाशिक-धुळे पट्ट्यात आर.एफ. ऑप्टिमायझेशन करतोय, म्हणजे मोबाइलचा रेडिओ सिग्नल तपासून सुधारायचं काम. गाडीत लॅपटॉप, दोन हँडसेट आणि दिवसभर ड्राइव्ह टेस्ट, म्हणजे फिरत फिरत सिग्नल मोजणं. आता पुण्यातल्या एका टॉवर कंपनीने 'बिझनेस डेव्हलपमेंट'साठी विचारलंय. पगार साधारण तेवढाच, वर इन्सेंटिव्ह. बाबा म्हणतात, "इंजिनियर होऊन विकायला जाणार का?" मला पुढे मोठे करार करायच्या कामात जायचंय, पण तिथवरची वाट सांगणारं ओळखीत कुणी नाही. एमबीए लागतंच का?

ठाणे_पूर्व

मी उपकरणं विकणाऱ्या कंपनीत आहे. आमच्याकडे सेल्सवाल्याला तिमाहीचं टार्गेट असतं. बीडीवाला (बिझनेस डेव्हलपमेंटचा माणूस) एकाच ग्राहकामागे दीड-दीड वर्ष असतो. ऑफर लेटरमध्ये एकच गोष्ट बघ: इन्सेंटिव्ह करारावर सही झाल्यावर मिळतो, की साइट (टॉवरची जागा) चालू होऊन पहिलं बिल निघाल्यावर? त्यावरून कंपनीला तुझ्याकडून काय हवंय ते कळेल.

जुना_टॉवरवाला

वयाने बराच मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतो. २४ वर्षं याच कामात काढली, गेल्या वर्षी निवृत्त झालो. एमबीए केलेलं नाही.

बाबांना सांग, मी पहिली चार वर्षं टॉवरसाठी नुसत्या गच्च्या भाड्याने घेत होतो. महाराष्ट्र-गोवा हे एकच सर्कल (टेलिकॉम परवान्याचा विभाग), मुंबई तेवढी वेगळी, त्यामुळे सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंत कुठेही पाठवायचे. २००३ मध्ये कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सोसायटीची गच्ची ठरवली. सोळा फ्लॅट. चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या, स्टँपपेपर, सगळं झालं. सामान क्रेनने वर चढवायच्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात खुर्ची टाकून बसल्या. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. जनरल बॉडीचा ठराव झाला नव्हता आणि मी तो मागितलाही नव्हता. क्रेन परत गेली, साइट चार महिने लांबली. आजींचं म्हणणं एवढंच होतं की जनरेटर त्यांच्या झोपायच्या खोलीच्या बरोब्बर डोक्यावर येतोय. तो खाली पार्किंगच्या मागे नेला, केबल वाढली, काम झालं. तेव्हापासून एक सवय लागली. कुठलाही करार हातात आला की समोरच्या बाजूला 'नाही' म्हणू शकणारी माणसं कोण कोण, ते आधी वहीत लिहायचं. त्यात सही करणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा खाली कुठेतरी असतं.

मग टॉवर शेअरिंगचा काळ आला. २००७ च्या शेवटी भारती (एअरटेलवाले), व्होडाफोन आणि आयडिया, म्हणजे बाजारात एकमेकींचे ग्राहक पळवणाऱ्या कंपन्या, टॉवर एकत्र करून इंडस टॉवर्स काढायला राजी झाल्या. हिस्से ४२, ४२ आणि १६ टक्के. टॉवरवर दुसरा भाडेकरू आला की जागा, कुंपण, राखणदार, वीज यांचा खर्च वाटला जातो आणि पहिल्याचंही भाडं उतरतं. कागदावर सोपं आहे. माझ्या बैठकांमध्ये भाडं दोन दिवसांत ठरायचं आणि डिझेलवर दोन महिने जायचे! लाइट गेल्यावर जनरेटर किती तास चालला, हे कोण मोजणार आणि कुणाचं मोजलेलं धरायचं?

या धंद्यातला मला सगळ्यात शिकण्यासारखा वाटलेला करार २००४ मधला, भारतीचाच. नेटवर्कचं काम एरिक्सन, नोकिया, सीमेन्सकडे दिलं आणि आयटी दहा वर्षांसाठी आयबीएमकडे. तोवर ऑपरेटर (मोबाइल सेवा देणारी कंपनी) पेट्या, म्हणजे नेटवर्कची उपकरणं, विकत घ्यायचा. त्या रिकाम्या पडल्या तरी पैसे गेलेले. इथे पैसे अर्लांगवर (कॉलचा भार मोजायचं एकक), म्हणजे प्रत्यक्ष वापरात आलेल्या क्षमतेवर. गरजेपेक्षा जास्त पेट्या खपवण्यात विक्रेत्याचा फायदाच उरला नाही. तू आर.एफ.चा आहेस, अर्लांग तुला कुणी शिकवायला नको. माझे मात्र कित्येक दिवस फायनान्सच्या मंडळींना तो समजावण्यात गेलेत. चार वर्षांची ड्राइव्ह टेस्ट फुकट जाणार नाही, ती अशी उपयोगी पडते.

मोठ्या सौद्यांचे आकडे पेपरात येतात. २००७ मध्ये हचिसनचा (हच फोनवाल्यांचा) भारतातला हिस्सा व्होडाफोनने सुमारे ११ अब्ज डॉलरला घेतला, २०१० मध्ये झेन या कुवेतच्या मोबाइल कंपनीचा आफ्रिकेतल्या १५ देशांतला धंदा भारतीने १०.७ अब्जांना. असल्या आकड्यांखाली फायली असतात रे. एका छोट्या टॉवर कंपनीच्या खरेदीत मी सहा आठवडे गोदामात बसून भाडेकरार वाचले. नमुन्याला काढलेल्या २०० फायलींत ६३ करारांची मुदत संपलेली. जागामालक जुनंच भाडं मुकाट्याने घेत होते, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उद्या त्यातल्या प्रत्येकाने भाडं वाढवून मागितलं असतं तर? किंमत त्यावरच खाली आली. गच्च्या घेतलेल्या माणसालाच त्या फायलीत कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

मेधा_मसुदा

मी या क्षेत्रात करारांचे मसुदे करते. टॉवरवाल्यांच्या बोलण्यात एक भर. १९९९ च्या धोरणानंतर ऑपरेटर ठरलेल्या परवाना शुल्काऐवजी महसुलातला वाटा सरकारला देऊ लागले. पण महसूल कशाला म्हणायचं? व्याज, लाभांश, भाडं धरायचं का? हे भांडण २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयात सरकारच्या बाजूने सुटलं, तोवर परवाना शुल्काची थकबाकी व्याज-दंडासह ९२ हजार कोटींच्या पुढे गेली होती. एका व्याख्येपायी! बीडीची मुलं माझ्याकडे दराचं पान घासूनपुसून आणतात, व्याख्यांचं पान उघडलेलंही नसतं. मला याचा खरंच त्रास होतो, म्हणून लिहिलं.

सांगलीकर_९७

सगळ्यांचे मनापासून आभार. ऑफर लेटर परत वाचलं: इन्सेंटिव्ह पहिलं बिल निघाल्यावर आहे. काका, सुरुवातीचे सहा महिने साइट घेण्याच्या कामावर टाका असं मीच म्हटलं तर चालेल का? की कमी दर्जाचं काम मागून घेतलं असं वाटेल?

जुना_टॉवरवाला

माग. बिलावर इन्सेंटिव्ह ठेवणाऱ्या साहेबाला ते कळेल. रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात सांगलीच्या आसपासच्या एखाद्या साइटचा जुना भाडेकरार बघायला मागून घे. तो पूर्ण वाच, आणि सुट्टीत घरी गेलास की त्या गच्चीवर जाऊन ये. बाबांनाही ने बरोबर. जागामालक काय काय बोलतो ते त्यांनाही ऐकू दे.